फॅक्सचा रकाना

"फॅक्सचा रकाना कुठे गेला?"

उर्मिलाताई वसावे माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. हातमोजे नुकतेच काढलेले, बोटांना पांढरी पावडर तशीच. पडद्यावर एका रुग्णाच्या नोंदीचे पान उघडे होते आणि त्या वाकून, ओठ हलवत ते वाचत होत्या. नाव, वय, गाव, रक्तगट, फोन, ई-मेल. संपले की पुन्हा नावापासून.

"नव्या व्हर्जनमध्ये तो नाही, ताई," मी म्हणाले. "कंपनीनं काढून टाकला. आता फॅक्स कोण वापरतं?"

"मी वापरते."

मला हसू आवरले नाही. "या इमारतीत फॅक्सचं मशीन तरी आहे का?"

"नाही. मशीन नाही, म्हणूनच तो रकाना रिकामा होता. म्हणून मी घेतला."

२०११ चा ऑक्टोबर होता. शहाद्यातल्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत मी त्या सकाळी धुळ्याहून एसटीने आले होते. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि रक्तपेढ्यांना नोंदींची प्रणाली पुरवणाऱ्या एका लहान कंपनीत दोन वर्षे काम करत होते. रुग्ण कोण, दाते कोण, कोणती पिशवी कोणाकडून आली आणि कोणाला गेली, हे सगळे डेटाबेसमध्ये राहत असे. इथला डेटाबेस दुसऱ्या व्हर्जनवरच थांबला होता. तो पाचव्यावर न्यायचा, एवढेच माझे काम. त्यासाठी कंपनीने एक साधन तयार केले होते. त्याला चित्रे नव्हती, बटणे नव्हती. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टाइप करायची. मग ते दोनवरून तीनवर, तीनवरून चारवर अशा पायऱ्या चढत जाई आणि प्रत्येक पायरीची एक ओळ पडद्यावर उमटे. साडेअकराला मी ते सुरू केले, बाराला संपले. शेवटच्या ओळीत 'यशस्वी' असे आले. कंपनीने दिलेल्या यादीनुसार मी जुन्या कॉम्प्युटरवरची जुनी प्रणाली काढून टाकली, यादीवर खूण केली आणि चहा सांगितला. चहाच्या आधी उर्मिलाताई आल्या.

त्या पेढीच्या ज्येष्ठ तंत्रज्ञ होत्या. पस्तिशीच्या, बुटक्या, केस घट्ट बांधलेल्या. सकाळी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "सगळं राहील ना?" आणि मी "शंभर टक्के" म्हणाले होते.

"काय लिहीत होतात त्या रकान्यात?" मी विचारले.

त्यांनी शेजारचे स्टूल ओढले. "आमच्याकडे सिकलसेलचे पेशंट जास्त. त्यांना लहानपणापासून रक्त चढतं. पाच वेळा, दहा वेळा, वीस वेळा. मग एखाद्याचं शरीर एखाद्या जातीचं रक्त नाकारायला लागतं. गट तोच असतो हां. ए पॉझिटिव्हला ए पॉझिटिव्हच दिलेलं असतं. पण रक्तात इतरही बारीक खुणा असतात, त्यातली एक त्याला चालत नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"ती खूण कोणती, ते सुरतेच्या मोठ्या लॅबला नमुना पाठवून कळतं. ती खूण नसलेले दाते कोणते, तेही तिथूनच. असे एकेक करून मी सात वर्षांत जमवले. पेशंटच्या नावासमोर लिहायचं, हे नको, आणि अमुक-अमुक नंबरचे दाते चालतील. तुमच्या प्रोग्रॅममध्ये त्याला जागाच नव्हती. फॅक्सला होती."

मी पडद्याकडे पाहिले. ई-मेलनंतर 'शेरा' होता, त्यानंतर पांढरा पडदा.

"आत्ता कोणी आलंय का?" मी विचारले.

"सेवंती पावरा," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षांची. धडगावच्या वरच्या पाड्यावरून आणलीय. हिमोग्लोबिन साडेतीन."

*

डॉक्टर अहिरराव पेढीचेही प्रमुख होते आणि शेजारच्या रुग्णालयाचेही. दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळते का, त्या तपासणीचा कागद हातात घेऊनच ते आले.

"वसावे, क्रॉसमॅच तर स्वच्छ आलीय. पिशवी का थांबवली?"

"सर, तिच्या नावावर नोंद होती."

"काय नोंद होती?"

"काहीतरी होती, एवढं नक्की आठवतं. नको असलेली खूण ई होती, की के, की जेके, ते आठवत नाही. दाते तर नाहीच."

"क्रॉसमॅच स्वच्छ आहे ना पण?"

"सर, स्वच्छ आहे म्हणूनच भीती वाटते." उर्मिलाताई शांत होत्या, पण दाराच्या चौकटीत उभ्या होत्या आणि डॉक्टरांना आत यायला जागा देत नव्हत्या. "शरीरानं एकदा नाकारलं, की दोन वर्षांनी तपासणीत काही दिसत नाही. सगळं जुळतं. आपण रक्त देतो. आणि सातव्या-आठव्या दिवशी शरीराला एकदम आठवतं. चढवलेलं सगळं फुटतं, आणि कधीकधी तिचं स्वतःचंही. हे मी तुम्हाला काय सांगायचं?"

"मला माहीत आहे, वसावे. पण मला आज दुपारीही काय होईल ते माहीत आहे. पोरीला धाप लागलीय. सुरतेला पाठवावं, तर रस्त्यातच... तिचं कार्ड?"

"घरी राहिलं. वडील म्हणतात, छपरात खोचलंय. तिकडे फोन लागत नाही."

"रजिस्टरं?"

"तारखेप्रमाणे लावलीत. तारीख कोणती, तेही त्याच रकान्यात."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरनं हे खाल्लंय का?"

"नव्या व्हर्जननं तो रकाना काढलाय, सर," मी म्हणाले. "पण मी आधी बॅकअप घेतला होता."

"मग उघडा ना!"

"तो फक्त जुन्या प्रणालीला वाचता येतो. आणि जुनी मी... काढून टाकली. पुन्हा बसवते."

"किती वेळ?"

मला ठाऊक नव्हते. दुसरे व्हर्जन मी स्वतः कधी बसवलेच नव्हते. मी कंपनीत आले तेव्हा सगळीकडे चौथे चालू होते. "तीनपर्यंत," मी म्हणाले.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पाऊण वाजला होता. "चार वाजता मी ही पिशवी लावणार. लेखी देतो, जबाबदारी माझी. चारनंतर थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बघत बसणं, आणि तेवढं धैर्य माझ्यात नाही." जाताना ते उर्मिलाताईंना हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला थोडंसुद्धा आठवत नाही? तीनातलं एक?"

"आठवणीवर मी रक्त देत नाही, सर."

*

जुन्या प्रणालीची सीडी कपाटात तळाशी, हमीपत्रांच्या पाकिटात सापडली. जुना कॉम्प्युटर मी पुन्हा जोडला. उर्मिलाताईंनी समोरच्या टेबलावर रजिस्टरांचा ढीग आणून ठेवला आणि २००५ च्या पहिल्या पानापासून बोट फिरवायला सुरुवात केली. सात वर्षांची वीस-बावीस रजिस्टरे होती. त्यांनी मला एका शब्दानेही घाई केली नाही, आणि त्यामुळे मला अधिकच घाई झाली.

काळ्या पडद्यावर पहिली आज्ञा प्रणाली बसवण्याची. ती झाली. दुसरी, नवा रिकामा डेटाबेस उभा करण्याची. तीही झाली. तिसरी, बॅकअप त्यात भरण्याची. ती दिली आणि ओळी हळूहळू उमटू लागल्या. कॉम्प्युटर जुना होता, दाते आठ हजारांवर होते. पंचवीस मिनिटे नुसते बसून राहायचे होते.

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. सेवंतीचे वडील, जयसिंग पावरा.

"बाई, रक्त नाही का?" त्यांनी उर्मिलाताईंना विचारले.

"रक्त आहे, भाऊ. तिच्यासाठी कोणतं, ते शोधतोय."

"कोणाचं नसेल तर माझं घ्या."

"तुमचं तिला चालत नाही. मागेच बघितलंय."

मग त्यांनी माझ्याकडे बोट केले. "ही बाई शोधते?"

"हो, ही शोधते."

"शिकलेली दिसते," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसवला असता.

दीड वाजून गेल्यावर बॅकअप भरला गेला. मी यादी मागवणारी आज्ञा दिली. ज्यांच्या फॅक्सच्या रकान्यात काही लिहिले आहे, असे सर्व रुग्ण. पडद्यावर त्रेचाळीस ओळी आल्या.

"आलं!" मी ओरडले.

उर्मिलाताई धावत आल्या, वाकल्या, आणि तशाच थांबल्या. "हे काय?"

ओळी त्रेचाळीस होत्या, पण नावांच्या जागी प्रश्नचिन्हे होती. गावांच्या जागी प्रश्नचिन्हे. फॅक्सच्या रकान्यात प्रश्नचिन्हांच्या रांगा, मध्येच आकडे. इंग्रजीत टाइप केलेले तेवढे शाबूत होते. देवनागरीचे प्रत्येक अक्षर गेले होते, शब्दांत लिहिलेल्या तारखाही.

"आकडे दिसतात की," मी घाईघाईने म्हणाले. "दात्यांचे नंबर! बघा, या ओळीत तीन आहेत."

"ती ओळ कोणाची?"

मला सांगता येईना. गट ए पॉझिटिव्ह असलेल्या अकरा ओळी होत्या. वयाची नोंद नोंदणीच्या दिवसाची, त्यामुळे त्यावरूनही खात्री होत नव्हती. एकोणीस वर्षांच्या तीन मुली निघाल्या असत्या, कदाचित दोन.

"दोनमधली एक असेल तर..." मी म्हणाले.

"नाही," त्या म्हणाल्या. "अंदाजानं नाही. पुन्हा करा." आणि जाऊन रजिस्टरासमोर बसल्या.

मी कंपनीला फोन लावला. आमचे व्यवस्थापक कोणत्यातरी बैठकीत होते. एका जुन्या सहकाऱ्याने फोन घेतला आणि हसून म्हणाला, "अगं, डेटाबेस उभा करतानाच त्याला अक्षरांची पद्धत सांगावी लागायची तेव्हा. नाही सांगितली तर तो इंग्रजी धरून चालतो. नंतर बदलता येत नाही. पाड आणि नव्यानं उभा कर."

दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. मी उभा केलेला डेटाबेस पाडला. पाडण्याच्या आज्ञेनंतर त्याने विचारले, "नक्की?" मी तो प्रश्न दोनदा वाचला आणि मग होकार दिला. नव्याने उभा करताना अक्षरांची पद्धत लिहिली. टाइप करताना एक चूक झाली, आज्ञा नाकारली गेली. पुन्हा टाइप केली. बॅकअप पुन्हा सुरू झाला आणि पंचवीस मिनिटे पुन्हा बसून राहायची वेळ आली.

त्या पंचवीस मिनिटांत डॉक्टर एकदा डोकावले. "काय मॅडम, होतंय का? की तुमचं यंत्र आणखी काही गिळणार आहे?"

"सर," मी उठून उभी राहिले, "यंत्रानं गिळलं नाही. त्या साधनाची अशी पद्धत आहे की रकाना काढण्यापूर्वी ते विचारतं. त्यात इतक्या नोंदी आहेत, काढू का, म्हणून. प्रत्येक पायरीला असे प्रश्न येतात. वेळ जाऊ नये म्हणून आज्ञेच्या शेवटी एक अक्षर जोडता येतं. मग ते काही विचारत नाही, सगळ्याला हो धरून पुढे जातं. मी ते अक्षर जोडलं होतं. आम्ही सगळेच जोडतो."

डॉक्टर रागावतील असे मला वाटले होते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"मीसुद्धा आज तेच करणार आहे चार वाजता," ते म्हणाले. "बसा. तुमचं चालू द्या."

*

दोन वाजून चाळीस मिनिटांनी पडद्यावर पहिले देवनागरी अक्षर आले.

त्रेचाळीस ओळी, जुन्यापासून नव्यापर्यंत. पहिली ओळ कोणा वसावेंची होती, २००४ मधली. तिच्यात 'जेके नको' एवढेच होते, दाते नव्हते, आणि नोंद 'बंद' म्हणून दाखवली होती. माझी नजर तिच्यावर थांबली नाही. मी खाली शोधत गेले. एकोणतिसावी ओळ.

"सेवंती जयसिंग पावरा," उर्मिलाताईंनी मोठ्याने वाचले. "जेके नको. दाते एकशे सतरा, दोनशे चार, तीनशे एक्याण्णव. तारीख, अकरा जून दोन हजार आठ."

त्यांनी लगेच २००८ चे रजिस्टर ओढले, जूनचे पान काढले, अकरा तारखेवर बोट ठेवले आणि पडद्याशी ताडून पाहिले. नाव, गट, सुरतेच्या अहवालाचा क्रमांक. मग फ्रीज उघडला. मी मागे उभी होते. त्या एकेक पिशवीवरचा दात्याचा क्रमांक वाचत होत्या. चौथ्या खणात त्यांचा हात थांबला.

"दोनशे चार. बारा दिवसांपूर्वीची." त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी बाहेर घेतली. "तीनशे एक्याण्णव म्हणजे लोणखेड्याचे गुरुजी. त्यांना फोन लावा, उद्या लागेल म्हणावं. सकाळी उपाशी येऊ नका, नाश्ता करून या, हे पण सांगा. मागच्या वेळी चक्कर येऊन पडले होते."

त्यांनी क्रॉसमॅच नव्याने केली. तीन वाजून अडतीस मिनिटांनी पिशवी शेजारच्या इमारतीत गेली. डॉक्टरांनी आधी तयार ठेवलेली पिशवी उर्मिलाताईंनी परत घेतली, तिच्या नळीचा एक तुकडा कापला, त्यावर चिठ्ठी लावली आणि सुरतेला पाठवायच्या डब्यात ठेवला.

"मी अपग्रेड आता नीट करून देते," मी म्हणाले. "आधी नवा रकाना बनवते, त्यात हे सगळं हलवते, आणि मग..."

"आज नाही. आणि उद्याही नाही." त्या हात धूत होत्या. "त्या मुलीचे नऊ दिवस जाऊ द्या. तोवर जुनंच चालू राहू दे."

"नऊ दिवस का? आता तर बरोबर रक्त गेलंय."

"मी सात वर्षं नऊ दिवस मोजते, मॅडम. तुम्ही दहाव्या दिवशी या."

*

दहाव्या दिवशी मी गेले तेव्हा सेवंती पेढीच्या पायरीवर बसून लाल रिबीन दाताने ओढून वेणीला गाठ मारत होती. घरी जायच्या गाडीची वाट बघत होती. हिमोग्लोबिन आठ पॉइंट एक होते आणि खाली आलेले नव्हते. सुरतेचा अहवालही आला होता. परत घेतलेल्या पिशवीत जेके ही खूण होती. डॉक्टर अहिररावांनी तो कागद वाचून घडी केली आणि फाइलला लावला. नंतर मला म्हणाले, "भदाणे, जेवून जा आज आमच्याकडे."

मधल्या दिवसांत आमच्या व्यवस्थापकांशी माझे वाजले होते. "आपल्या प्रॉडक्टमध्ये असा रकाना नाही," ते म्हणाले होते. "आता आहे, सर," मी म्हणाले होते, आणि सगळ्या पायऱ्यांमध्ये बसेल असा तो मी लिहून नेला होता. त्याला नाव काय द्यायचे ते उर्मिलाताईंना विचारले. त्यांनी बराच विचार केला आणि सांगितले, "लिहा, 'रक्त देण्यापूर्वी वाचा'."

मी आधी बॅकअप घेतला. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर भरून, नावे वाचता येतात हे पाहिले. त्रेचाळीस नोंदी नव्या रकान्यात हलवल्या. त्या उर्मिलाताईंनी रजिस्टराशी एकेक करून ताडल्या, त्यात दुपार झाली. मग मी अपग्रेडची आज्ञा टाइप केली, शेवटचे अक्षर न जोडता. त्या माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या. साधन विचारत गेले, मी मराठीत सांगत गेले, त्या हो किंवा नाही म्हणत गेल्या. फॅक्सचा रकाना आला, रिकामा होता, तो गेला. चौथ्या पायरीवर ते पुन्हा थांबले.

"काय म्हणतंय?"

"पाच वर्षांहून जुन्या, बंद झालेल्या रुग्णांच्या नोंदी काढायच्या का, विचारतंय. ज्यांच्यावर जुन्या व्हर्जनमध्ये शेरे आहेत अशा. एकच आहे." मी ती उघडून पाहिली. तीच पहिली ओळ. "सुरेखा वसावे. वय सतरा. जेके नको."

उर्मिलाताईंनी पदराने उगाच टेबलाची कड पुसली.

"तुमच्या नात्यातली?"

"माझ्या पाठची. सर्वांत धाकटी." त्या पडद्याकडे बघत होत्या. "नोकरीला लागून माझं दुसरंच वर्ष होतं. क्रॉसमॅच मीच केली होती. स्वच्छ आली होती. तीनदा बघितली मी, बहीण म्हणून. आठव्या दिवशी गेली."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"सुरतेहून कळलं तोवर पंधरा दिवस झाले होते. कुठे लिहून ठेवायचं, ते समजेना. तिला आता रक्त लागणार नव्हतं. तरी मी बसून सगळे रकाने बघितले, कुठे काही रिकामं आहे का. तिचं लिहिलं, आणि मग म्हटलं, आता दुसऱ्यांचं पण लिहावं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. जयसिंगभाऊंचा आवाज आला, सेवंती पायरीवरून उठली, कोणीतरी पिशव्या उचलल्या. खिडकीतून गाडी वळताना दिसली. उर्मिलाताईंनी ती जाईपर्यंत पाहिले.

काळ्या पडद्यावर प्रश्न तसाच थांबला होता.

"नाही म्हणायचं असेल तर काय दाबायचं?" त्यांनी विचारले.

"एन."

त्यांनी माझा हात बाजूला केला, कीबोर्डवर वाकल्या, अक्षर शोधले आणि दाबले. ओळ पुढे सरकली.

"वाचा," त्या म्हणाल्या. "पुढचं काय विचारतंय?"